रीपरमधून व्हिडिओ रेंडर: दाखवायला पाठवण्यासाठी उत्तम, शेवटच्या प्रतीसाठी नको

डबिंग झालं, पार्श्वसंगीत बसलं, मिक्स पक्का झाला. आता चित्रासकट फाइल काढून दिग्दर्शकाला पाठवायची आहे. अशा वेळी व्हिडिओचं वेगळं सॉफ्टवेअर उघडायचं, तिथे ऑडिओ आणायचा, पुन्हा जुळवायचा, यापेक्षा जिथे मिक्स केला तिथूनच एमपी४ काढलेली बरी, असं वाटणं साहजिक आहे. कॉकोस कंपनीचं रीपर हे ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर ही सोय देतं. विनॅम्प हा म्युझिक प्लेअर लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांचं हे सॉफ्टवेअर. त्यात व्हिडिओ एखाद्या साध्या ऑडिओ क्लिपसारखा ट्रॅकवर बसतो, कापता येतो, सरकवता येतो, आणि रेंडरच्या, म्हणजे तयार फाइल काढण्याच्या, नेहमीच्याच खिडकीतून बाहेरही पडतो.

सोय खरी आहे आणि रोजच्या कामाला पुरते. दिग्दर्शकाला मिक्स ऐकवायचा आहे, संगीतकाराला प्रसंग पाठवायचा आहे, पॉडकास्ट स्थिर चित्रासह यूट्यूबवर टाकायचं आहे, लांबलचक कार्यक्रमातून दहा छोटे तुकडे काढायचे आहेत, अशा कामांना रीपर बिनधास्त वापरा. मात्र रंगसंस्कार झालेली, अंतिम म्हणून आलेली चित्रफीत यातून पुन्हा काढू नका. कारण एकच आहे आणि ते शेवटपर्यंत आडवं येतं: रीपर चित्राला हात न लावता फक्त आवाज बदलून देत नाही. प्रत्येक फ्रेम उलगडतो आणि नव्याने एन्कोड करतो, म्हणजे पुन्हा दाबून लिहितो. तुम्ही चित्रात काहीच बदललेलं नसलं तरीही.

आधी एफएफएमपेग

विंडोजवर रीपर नुसता बसवून व्हिडिओ हवा तसा रेंडर होईल अशी अपेक्षा ठेवू नका. इथेच बहुतेकांचा पहिला तास जातो. व्हीएलसी हा प्लेअर बसवलेला असेल तर रीपर त्याच्या मदतीने चित्र दाखवतो. चित्र दिसतं म्हटल्यावर सगळं जागेवर आहे असं वाटतं. पण व्हीएलसी फक्त बघण्यापुरता उपयोगी पडतो. इथे सांगितलेल्या पद्धतीने एमपी४ बनवण्यासाठी एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओ रूपांतराच्या मोफत साधनाच्या डीएलएल (सुट्या साहाय्यक) फाइली लागतात आणि त्या आपल्यालाच आणून ठेवाव्या लागतात.

एफएफएमपेग उतरवताना तीन गोष्टी पाहा. पहिली, बिल्ड, म्हणजे तयार करून दिलेली प्रत, 'शेअर्ड' प्रकारची हवी. 'स्टॅटिक' बिल्डमध्ये सगळं एकाच ईएक्सईत भरलेलं असतं, रीपरला हव्या त्या सुट्या डीएलएल त्यात नसतात. दुसरी, बिल्ड जीपीएल परवान्याची हवी. एलजीपीएल बिल्डमध्ये एक्स२६४ हा एन्कोडर नसतो, आणि तो नसला की एच.२६४ या एमपी४ मधल्या नेहमीच्या व्हिडिओ प्रकाराचं काम अडतं. तिसरी, ६४ बिट रीपरला ६४ बिट बिल्डच चालते.

आवृत्तीचा घोळ वेगळाच. रीपरची प्रत्येक आवृत्ती एफएफएमपेगच्या ठरावीक पिढ्याच ओळखते. पिढी डीएलएलच्या नावातल्या आकड्यावरून कळते: एव्हीकोडेक-५८ म्हणजे एफएफएमपेग ४, ५९ म्हणजे ५, ६० म्हणजे ६ आणि ६१ म्हणजे ७. जुन्या रीपरला अगदी ताजी बिल्ड दिली तर तो काही तक्रार न करता तिच्याकडे दुर्लक्ष करतो. 'नवं ते चांगलं' हा हिशेब इथे चालत नाही. आपल्या रीपरला झेपेल ती पिढी निवडा.

'ऑप्शन्स' मेन्यूत रीपरचा रिसोर्स पाथ उघडण्याचा पर्याय आहे. त्या फोल्डरमधल्या 'यूजरप्लगिन्स'मध्ये बिल्डच्या 'बिन' फोल्डरमधल्या सगळ्या डीएलएल एकत्र ठेवा. नुसती एव्हीकोडेक उचलून भागत नाही; एव्हीफॉरमॅट, एव्हीयूटिल, एसडब्ल्यूस्केल, एसडब्ल्यूरिसॅम्पल या तिच्या सोबतिणी नसतील तर तीही उघडत नाही. दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये मिसळू नका. मग रीपर बंद करून पुन्हा उघडा.

एवढ्या महत्त्वाच्या सोयीसाठी वापरणाऱ्याला असं फाइली गोळा करत हिंडावं लागणं ही या सॉफ्टवेअरची सगळ्यात मोठी उणीव आहे. तांत्रिक माणसाला दहा मिनिटं लागतात, पण नुसता गाता गळा आणि एक लॅपटॉप एवढ्यावर काम करणारे इथेच हात टेकतात.

प्रोजेक्ट बांधताना

रेंडर बिघडतो तो बहुतेक वेळा रेंडरच्या खिडकीत नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम्स), टाइमबेस (क्लिपची जागा तालाला बांधायची की वेळेला) आणि मूळ फाइलचा प्रकार या तीन जागा नीट केल्या तर पुढचं अर्धं काम सोपं होतं.

फ्रेम रेट आधी. आपल्याकडे टीव्हीची सवय २५ ची, सिनेमाची २४ ची, मोबाइलची ३० च्या आसपासची. आलेली फाइल कितीची आहे हे मीडियाइन्फो या मोफत साधनात पाहा आणि प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये तोच आकडा टाका. २४ आणि २३.९७६ हे दोन्ही 'चोवीसच' म्हणून सोडून देऊ नका. फरक हजारात एकाचा दिसतो, पण फाइल चुकीच्या वेगाने धरली गेली तर १० मिनिटांत ०.६ सेकंद आणि तासाभरात ३.६ सेकंद होतो. सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटाकडे सुटतात. अशी हळूहळू वाढत जाणारी चूक दिसली की आधी फ्रेम रेटवर संशय घ्या. चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच असेल तर दोष दुसरीकडे आहे.

आता मोबाइलची फाइल. फोन बहुधा बदलत्या फ्रेम रेटने चित्रण करतात. उजेड कमी झाला की फ्रेम्स कमी होतात. मीडियाइन्फोमध्ये 'फ्रेम रेट मोड' समोर 'व्हेरिएबल' दिसलं तर ती फाइल तशीच टाइमलाइनवर घेऊ नका. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून ती एकसारखी करून घ्या आणि मगच रीपरमध्ये आणा. उलट क्रमाने, म्हणजे डबिंग आधी करून फाइल नंतर बदलली, तर सगळे संवाद पुन्हा सरकवावे लागतात.

टाइमबेसचा सापळा संगीतवाल्यांना हमखास पकडतो. रीपरमध्ये नव्या प्रोजेक्टचा टाइमबेस बीट्सला बांधलेला असतो. प्रसंगाला ताल बसवताना तुम्ही टेम्पो ९२ वरून ९६ केला की टाइमलाइनवरच्या वस्तू तालासोबत सरकतात, आणि त्यात व्हिडिओही जातो. म्हणून व्हिडिओच्या ट्रॅकवर राइट क्लिक करून ट्रॅक टाइमबेस 'टाइम' करा आणि क्लिप लॉक करा. रिपल एडिटिंग (काही कापलं की पुढचं सगळं सरकवणारी सोय) चालू असताना एखादा श्वास कापला तरी चित्र पुढे-मागे जाऊ शकतं. लॉक त्यासाठीही हवं.

मूळ व्हिडिओतला आवाज बंद करायचा असेल तर ट्रॅक म्यूट करू नका. म्यूट केला की चित्रही जातं. आवाजाचा फेडर तळाला न्या. आवाज जाईल, चित्र राहील. हेच सोलोचं. संवादाचा ट्रॅक सोलो केला, म्हणजे तेवढाच ऐकायला ठेवला, की व्हिडिओची खिडकी काळी पडते आणि तसंच रेंडर केलं तर फाइलही काळी निघते. व्हिडिओ ट्रॅकच्या सोलो बटणावर राइट क्लिक करून 'सोलो डिफीट' लावलं की हा त्रास संपतो. पूर्ण काळी फाइल निघाली की लोक कोडेकला (चित्र दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीला) दोष देतात. आधी कुठे सोलो दाबलेला राहिला नाही ना ते पाहावं.

कापाकापी करायची असेल तर ग्रिड 'फ्रेम'वर ठेवा आणि रुलर तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा. ४८,००० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) २५ च्या फ्रेम रेटमध्ये एका फ्रेमला बरोबर १,९२० सॅम्पल बसतात, २४ ला २,०००, ३० ला १,६००. २९.९७ ला मात्र १,६०१.६ येतात, म्हणजे फ्रेमची कड आणि सॅम्पलची कड कधी जुळते कधी नाही. त्यामुळे २९.९७ च्या प्रोजेक्टमध्ये ग्रिडवर विशेष लक्ष हवं.

आणखी एक. एच.२६४ ची लांब जीओपी असलेली (पूर्ण फ्रेम क्वचितच, मध्ये फक्त बदल साठवणारी) फाइल रीपरमध्ये पुढे-मागे नेताना अडखळते, कारण अधली फ्रेम दाखवायला आधीच्या कितीतरी फ्रेम्स उलगडाव्या लागतात. संकलकाकडून ७२० रेषांची, टाइमकोड छापलेली, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असलेली प्रत मागा: प्रोरेस प्रॉक्सी, डीएनएक्सएचडी किंवा साधी एमजेपेग. ती मिळाली नाही तर रीपरमधूनच एमजेपेग रेंडर काढून तिच्यावर काम करता येतं. फाइल मोठी होते, पण ओठांवर शब्द बसवताना हाताला जो वेग मिळतो त्याची किंमत डिस्कवरच्या जागेपेक्षा जास्त आहे.

रेंडरची खिडकी

कंट्रोल-ऑल्ट-आर दाबलं की खिडकी उघडते. सोर्स 'मास्टर मिक्स'. बाउंड्समध्ये (कुठून कुठपर्यंत काढायचं) 'एन्टायर प्रोजेक्ट' हा पर्याय धोक्याचा आहे. टाइमलाइनच्या दूर उजवीकडे एखादा विसरलेला टेक पडलेला असेल तर रीपर तिथपर्यंत रेंडर करतो, आणि ४ मिनिटांच्या गाण्यामागे २० मिनिटांचा काळा पडदा लागतो. व्हिडिओची क्लिप निवडून तिच्याएवढं टाइम सिलेक्शन करा आणि बाउंड्स 'टाइम सिलेक्शन' ठेवा. 'टेल' नावाची खूण असते. ती रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपूट पकडण्यासाठी आहे. चालू राहिली तर चित्र संपल्यावर तेवढा वेळ काळा पडदा येतो. नुसत्या ऑडिओत हे लक्षातही येत नाही, व्हिडिओत डोळ्यांत भरतं. बंद करा.

सॅम्पल रेट ४८,०००. गाणं ४४,१०० ला ध्वनिमुद्रित केलेलं असलं तरी व्हिडिओसोबत ४८ च द्या; व्हिडिओच्या जगात तेच चालतं, आणि बदल समोरच्या अनोळखी यंत्रावर होण्यापेक्षा तुमच्या देखरेखीखाली झालेला बरा.

आउटपुट फॉरमॅटमध्ये एफएफएमपेगचा व्हिडिओ पर्याय निवडा, त्यात एमपी४, व्हिडिओ कोडेक एच.२६४, ऑडिओ कोडेक एएसी (आवाज दाबण्याची पद्धत). खाली बिटरेटचे, म्हणजे सेकंदाला किती माहिती ठेवायची याचे, जे आकडे आधीपासून भरलेले असतात ते तसेच ठेवू नका, हा या सगळ्या लेखातला सगळ्यात जास्त उपयोगाचा सल्ला समजा. ते हलक्या, छोट्या फाइलसाठी आहेत. मोबाइलने प्रति सेकंद १५-२० मेगाबिटांत टिपलेलं चित्र २ मेगाबिटांत कोंबलं की स्थिर मुलाखत कशीबशी तगते, पण पाऊस, लाटा, गुलालाची उधळण, दहीहंडीची गर्दी यांचे चौकोनी ठोकळे होतात. अंधाऱ्या दृश्यांत भिंतीवर पट्टे उमटतात.

यूट्यूबची स्वतःची शिफारस १०८० रेषांसाठी २४ ते ३० फ्रेम रेटला ८ मेगाबिट, ४८ ते ६० ला १२ मेगाबिट आणि ७२० रेषांना ५ मेगाबिट अशी आहे. रीपरच्या चौकटीत आकडा किलोबिटांत लिहायचा असतो, म्हणून ८,०००. यूट्यूब चढवलेली फाइल पुन्हा दाबतंच, तेव्हा जागा आणि इंटरनेट परवडत असेल तर १२,००० ते १६,००० द्या. एएसीसाठी यूट्यूब स्टिरिओला ३८४ किलोबिट सांगतं. ३२० च्या खाली उतरू नका. टाळ, झांज, तंबोऱ्याची जवार यांत कमी बिटरेट लगेच कानाला कळतो: झांज शिट्टीसारखी वाजते, जवारीतली धार बोथट होते. चित्राला ८,००० देऊन आवाजाचे १०० किलोबिट वाचवण्यात काही हशील नाही.

फाइल किती मोठी होईल हे आधीच काढता येतं. ८,००० आणि ३२० मिळून ८,३२० किलोबिट. आठाने भागले की सेकंदाला १,०४० किलोबाइट. मिनिटाला साधारण ६२ एमबी, १० मिनिटांना ६२४. पॉडकास्टमध्ये एकच स्थिर चित्र असेल तर एवढ्याची गरज नाही. १,००० किलोबिटांतही ते स्वच्छ राहतं, कारण फ्रेमागणिक बदलच नसतो.

रुंदी, उंची आणि फ्रेम रेट व्हिडिओ क्लिपवरून उचलून घेण्याचं बटण तिथेच आहे. हाताने टाकण्यापेक्षा ते दाबा. हाताने टाकायचेच असतील तर दोन्ही आकडे सम हवेत, कारण एच.२६४ च्या नेहमीच्या ४:२:० पद्धतीत रंगाची माहिती दोन-दोन पिक्सेलांत वाटलेली असते आणि विषम रुंदी तिला चालत नाही. उभ्या रीलसाठी १०८० बाय १९२०. आडवं चित्र उभ्या चौकटीत घालताना 'कीप ॲस्पेक्ट रेशो' चालू ठेवा, नाहीतर माणसं बांबूसारखी ताणली जातात.

इथे रीपर खरोखर चमकतो तो दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे 'सेकंडरी आउटपुट फॉरमॅट'. मुख्य फॉरमॅट एमपी४ आणि दुय्यम डब्ल्यूएव्ही २४ बिट ठेवलं की एकाच फेरीत चित्रासकट प्रत आणि निखळ मिक्स दोन्ही निघतात, आणि दोन्हींची लांबी एकच असते. दुसरं म्हणजे रीजन्स, टाइमलाइनवर नाव देऊन आखलेले भाग. तासाभराच्या कीर्तनातून किंवा मुलाखतीतून दहा तुकडे हवे असतील तर प्रत्येकावर रीजन काढा, नावं द्या, बाउंड्समध्ये 'प्रोजेक्ट रीजन्स' निवडा आणि फाइलच्या नावात रीजनचा वाइल्डकार्ड (रीजनचं नाव आपोआप भरणारी खूण) टाका. एका बटणावर दहा व्हिडिओ नावानिशी तयार होतात. व्हिडिओच्या कित्येक सॉफ्टवेअरमध्ये हे काम इतकं सरळ होत नाही.

रेंडर दाबण्याआधी 'ड्राय रन' दाबा. फाइल न लिहिता रीपर पूर्ण मिक्स मोजतो आणि लाउडनेस (एकूण जोर), ट्रू पीक (सर्वात उंच शिखर) सांगतो. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे लाउडनेसचं एकक) वरचा आवाज खाली ओढतं, खालचा वर उचलत नाही. युरोपीय टीव्हीचं आर१२८ मानक उणे २३ मागतं. नेटफ्लिक्स संवादावर मोजून उणे २७ मागतं, दोन्हीकडे २ ची सूट, ट्रू पीक उणे २ च्या आत. कुठे जायचं ते ठरवून मास्टरवर दुरुस्ती करा. एएसीत दाबताना शिखरं थोडी वाढतात, म्हणून वेबसाठीही ट्रू पीक उणे १ च्या वर नेऊ नका, उणे ०.१ वर बसवलेला मिक्स एएसी झाल्यावर तडकतो.

शीर्षक, नामावली वगैरे लावायचं असेल तर व्हिडिओ प्रोसेसर नावाचं इफेक्ट आहे. त्यातला टाइमकोड छापण्याचा प्रीसेट तपासणी-प्रतींसाठी फार उपयोगी: दिग्दर्शक '०२:१४:०८ ला पावलांचा आवाज उशिरा' असं नेमकं सांगू शकतो. मराठी अक्षरांसाठी मात्र त्याच्या नादी न लागता जोडाक्षरं नीट दिसतील अशी पूर्ण चौकटीची पीएनजी बाहेर तयार करा. रीपर चित्राची फाइलही व्हिडिओसारखीच ट्रॅकवर घेतो.

शेवटची प्रत कशी द्यावी

चित्र अंतिम असेल तर रीपरमधून फक्त आवाज काढा. कलरिस्टने, म्हणजे रंगसंस्कार करणाऱ्याने, त्वचेच्या छटेवर आठवडाभर घालवलेला असतो, आणि आपण आवाज बसवताना ते सगळं पुन्हा दाबून टाकलं तर त्याच्या कष्टांचा तो अपमान आहे. नुकसान फक्त ठोकळ्यांचं नसतं. चित्र वायव्ही१२ आणि आरजीबी या रंग साठवण्याच्या दोन पद्धतींत फिरून आलं आणि बीटी.७०९ या एचडीच्या रंगमानकाची खूण पुढे गेली नाही, तर काही प्लेअर ते जुन्या ६०१ प्रमाणे वाचतात. लाल आणि हिरवा किंचित सरकतात. उजेडाच्या पूर्ण आणि मर्यादित रेंजची गल्लत झाली तर काळा राखाडी होतो किंवा सावल्या बुजतात. समोर मूळ ठेवल्याशिवाय हे लक्षात येत नाही, म्हणूनच ते जास्त घातक.

पद्धत सोपी आहे. टाइम सिलेक्शन व्हिडिओ क्लिपच्या पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत, टेल बंद, डब्ल्यूएव्ही २४ बिट, ४८,०००. मिनिटाला १७.२८ एमबी होतात. लांबी सॅम्पलांत तपासा: २५ च्या १० मिनिटांच्या फिल्ममध्ये १५,००० फ्रेम्स, म्हणजे २,८८,००,००० सॅम्पल यायला हवेत. मग ॲव्हिडीमक्स या मोफत साधनात मूळ व्हिडिओ उघडा, व्हिडिओ आउटपुट 'कॉपी'वरच राहू द्या, ऑडिओ मेन्यूतून ट्रॅक निवडीत जाऊन पहिल्या ट्रॅकच्या जागी ही डब्ल्यूएव्ही जोडा, ऑडिओ आउटपुट एएसी करा, बिटरेट वाढवा, आउटपुट फॉरमॅट एमपी४ मक्सर ठेवून जतन करा. चित्राचा एकही बिट बदलत नाही, आणि दोन तासांची फिल्मही काही मिनिटांत होते, कारण एन्कोड फक्त आवाज होतो. प्रोरेसच्या एमओव्ही फाइलींसाठी शटर एन्कोडरमधलं 'रिप्लेस ऑडिओ' हे काम जास्त सुरळीत करतं. एफएफएमपेगची आज्ञा हाताने लिहिणाऱ्यांनी व्हिडिओ कोडेक 'कॉपी' ठेवून चित्र पहिल्या फाइलचं आणि आवाज दुसऱ्या फाइलचा असं स्पष्ट मॅप करावं. मॅप न केल्यास मूळचा जुना आवाज परत येण्याची शक्यता असते.

हेच काम इतर ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये कसं होतं ते पाहिलं की रीपरची जागा कळते. लॉजिक प्रोमध्ये 'मूव्ही' उपमेन्यूतलं 'एक्सपोर्ट ऑडिओ टू मूव्ही' नेमकं हेच करतं: चित्र तसंच, आवाज नवा, आणि मूळचा कोणता आवाज ठेवायचा तेही विचारतं. प्रो टूल्सच्या क्विकटाइम बाउन्समध्ये 'सेम ॲज सोर्स' आहे. क्युबेसला व्हिडिओ एक्सपोर्ट २०१९ च्या १०.५ मध्ये मिळालं. आर्डरमध्येही व्हिडिओ एक्सपोर्ट आहे. ऑडॅसिटी व्हिडिओतून आवाज काढून घेते, चित्र दाखवतही नाही आणि परतही देत नाही. रीपरमध्ये मूळ चित्र जसंच्या तसं ठेवण्याचा एक पर्याय आला तर या लेखाचा अर्धा भाग लिहावा लागला नसता. इतक्या वर्षांच्या इतक्या नेटक्या सॉफ्टवेअरमध्ये तो नसणं खटकतं.

किंमत पाहिली की राग थोडा निवळतो. व्यक्तिगत वापरासाठी किंवा वर्षाला २०,००० डॉलरच्या आत उलाढाल असलेल्या व्यवसायासाठी परवाना ६० डॉलर, त्यावरच्या व्यवसायासाठी २२५. दोन्हींत सोयी अगदी सारख्याच. एक परवाना चालू आणि पुढची अशा दोन मुख्य आवृत्त्यांना चालतो; ७ साठी घेतलेला ८.९९ पर्यंत. ६० दिवस पूर्ण सोयींसह वापरून पाहता येतो, तेव्हा एफएफएमपेग तुमच्या यंत्रावर नीट बसतं का हे पैसे देण्याआधीच तपासून घ्या.

पाठवण्यापूर्वी

फाइल निघाली की रीपर बंद करून ती बाहेरच्या प्लेअरमध्ये लावा. रीपरच्या खिडकीत जुळलेलं फाइलमध्ये जुळेलच असं नाही. एएसी एन्कोडर सुरुवातीला काही सॅम्पलांचं भरण टाकतो: एफएफएमपेगचा १,०२४, म्हणजे ४८,००० ला सुमारे २१ मिलिसेकंद, ॲपलचा २,११२, म्हणजे ४४. एमपी४ मधली एडिट लिस्ट (कुठून वाजवायचं ते सांगणारी नोंद) हे भरण वगळायला सांगते, पण काही प्लेअर तिच्याकडे पाहतच नाहीत. २५ च्या फ्रेम रेटला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे ॲपलच्या भरणात एक अख्खी फ्रेम गेली. आवाज चित्राच्या आधी आला तर साधारण ४५ मिलिसेकंदांना जाणवायला लागतो, उशिरा आला तर १२५ पर्यंत खपतो. त्यामुळे हा उशीर एकटा असेल तर निभावतो. त्यात आधीची एखादी चूक मिळाली की ओठ सुटतात.

हे मोजायला टू-पॉप, म्हणजे कार्यक्रमाच्या दोन सेकंद आधीची जुळणीची खूण, लावा. कार्यक्रम ०१:००:००:०० ला सुरू होत असेल तर ००:५९:५८:०० ला १ किलोहर्ट्झचा एका फ्रेमचा टणत्कार आणि त्याच फ्रेमवर चित्रात पांढरा झोत किंवा '२' चा आकडा. तयार फाइल नव्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये आणा आणि टणत्काराची लाट पांढऱ्या फ्रेमच्या कडेला लागते का ते मोठं करून पाहा. शेवटीही असाच एक पॉप ठेवला तर फ्रेम रेटची घसरणही तिथेच पकडली जाते. दोन्ही टोकं जुळली की पॉप कापून अंतिम फाइल काढा. आणि पाठवताना ती व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, तिथे ती पुन्हा दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.